गामला : एका पडलेल्या गावाचा पंचनामा



कामगार संघटनेत आयुष्य घालवलेल्या माणसाने पुरातत्त्वावर का बोलावे, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी विद्वान नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर आणि औद्योगिक न्यायालयाच्या व्हरांड्यात. त्या व्हरांड्यात माणूस एक गोष्ट मात्र पक्की शिकतो. घटना घडून गेल्यावर तिच्याविषयी जे कागद उरतात ते बहुधा एकाच बाजूचे असतात. हजेरीपत्रक मालकाचे, फाटकावरच्या पहारेकऱ्याची वही मालकाची, चौकशीचा अहवालही मालकानेच नेमलेल्या अधिकाऱ्याचा. दुसऱ्या बाजूकडे कागद नसतो. तिचे म्हणणे कळायचे तर जागेवर जावे लागते आणि जागा काय सांगते ते पाहावे लागते. यालाच आपण पंचनामा म्हणतो, आणि पुरातत्त्वाचे उत्खनन हा माझ्या समजुतीप्रमाणे फार उशिरा, पण फार काळजीपूर्वक केलेला पंचनामाच होय.

आज ज्या गावाविषयी मी बोलणार आहे त्याचे नाव गामला. ज्यू लोकांचे हे डोंगरी गाव इ.स. ६७ च्या शरद ऋतूत रोमन सैन्याने घेतले. त्यानंतर तेथे पुन्हा कोणी घर बांधले नाही. गाव जसे पडले तसेच, आपल्याच दगडांखाली, एकोणीसशे वर्षे राहिले. त्याच्या पडण्याची हकिकत सांगणारे पुस्तक एकच आणि लेखकही एकच. दुसरा साक्षीदार म्हणजे ती माती.

प्रथम जागा पाहू. गालीली सरोवराच्या ईशान्येस गोलान नावाचे पठार आहे. ते ज्वालामुखीच्या काळ्या पाषाणाचे आहे. आपल्या सह्याद्रीचा कातळ त्याच जातीचा, म्हणून त्या घरांची छायाचित्रे पाहताना आपल्याकडच्या एखाद्या पडक्या गढीची आठवण होते. या पठारात दोन ओढ्यांनी खोल दऱ्या कापल्या आहेत, आणि त्या दोन दऱ्यांमध्ये एक डोंगरसोंड पुढे आली आहे. तिची पाठ उंटाच्या वशिंडासारखी उठलेली. मागचा भाग खाली दबलेला आणि तेवढ्याच चिंचोळ्या खिंडीने पठाराला जोडलेला. हिब्रू भाषेत उंटाला गमाल म्हणतात, त्यावरून गावाचे नाव पडले. (संस्कृतात उंटाला क्रमेलक असा एक शब्द आहे. तो ग्रीकांकडून आपल्याकडे आला आणि ग्रीकांनी तो याच पश्चिम आशियातील भाषांकडून उचलला, असे कोशकार सांगतात. शब्दांचा प्रवास सैन्यांपेक्षा लांबचा असतो.) गाव या उंटाच्या एकाच कुशीवर, दक्षिणेच्या उतारावर वसलेले होते. उतार इतका उभा की खालच्या घराचे छप्पर म्हणजे वरच्या घराचे जवळजवळ अंगणच.

हे वर्णन नीट लक्षात ठेवावे, कारण हरवलेले गाव याच वर्णनावरून सापडले. एकोणिसाव्या शतकातील पंडितांनी नावाच्या साम्यावरून जामले नावाच्या खेड्याजवळची, पूर्वेकडची एक टेकडी गामला म्हणून ठरवून टाकली होती. १९६७ च्या युद्धात इस्रायलने गोलान पठार सीरियाकडून घेतले, आणि पुढच्याच वर्षी, १९६८ साली, पाहणीचे काम करणारा इत्झाकी गाल नावाचा गृहस्थ या डोंगरसोंडेपाशी आला. जुन्या पुस्तकातील शब्द आणि डोळ्यांसमोरची टेकडी यांचा मेळ त्याने घातला. येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. ज्या युद्धाने ही वाट संशोधकांना मोकळी झाली त्याच युद्धात गोलानवरची सीरियन खेडी ओस पडली. गामलाला जाणाऱ्या वाटेवरच अशा एका खेड्याची पडकी घरे उभी आहेत. इस्रायलने १९८१ साली या प्रदेशाला आपला कायदा लावला, तरी जगातील बहुतेक राष्ट्रे तो सीरियाचाच भाग मानतात. म्हणजे एका पडलेल्या गावाकडे जाताना दुसऱ्या पडलेल्या गावावरून जावे लागते.

आता पहिल्या साक्षीदाराकडे वळू. त्याचे नाव जोसेफस. जन्म इ.स. ३७, जेरुसलेमच्या पुरोहित घराण्यात. रोमविरुद्ध ६६ साली बंड झाले तेव्हा बंडवाल्यांनी त्याला गालील प्रांताचा सेनापती नेमले. गामलाची तटबंदी आपणच करविली असे तो लिहितो. पुढे ६७ च्या जुलैत योदफात हे गाव सत्तेचाळीस दिवसांच्या वेढ्यानंतर पडले. तेथे हा सेनापती चाळीस जणांबरोबर एका गुहेत लपला होता. शरण जाण्यापेक्षा एकमेकांच्या हातून मरावे असे ठरले, चिठ्ठ्या टाकल्या गेल्या, आणि शेवटी उरलेल्या दोघांत हा उरला. तो रोमनांना शरण गेला. व्हेस्पाशियन सेनापतीला त्याने तुम्ही सम्राट होणार असे भविष्य सांगितले, आणि दोन वर्षांनी व्हेस्पाशियन खरोखरच सम्राट झाला. जोसेफसला रोमचे नागरिकत्व मिळाले, राहावयास घर मिळाले, निर्वाहवेतन मिळाले. तेथे बसून त्याने या युद्धाचा इतिहास लिहिला.

अशा माणसाला आमच्या भाषेत काय म्हणतात ते मी सभ्य सभेत सांगत नाही. पण साक्षीदार फितूर आहे एवढ्यावरून त्याची साक्ष टाकून देता येत नाही, हेही कोर्टात शिकायला मिळते. फितुराला दोन्ही बाजूंची माहिती असते. फक्त, तो कोठे स्वतःला वाचवतो आहे आणि कोठे नव्या धन्याला खूष करतो आहे, तेवढे पाहावे लागते.

त्याच्याच पुस्तकांत बंडाची जी कारणे विखुरलेली आहेत ती एकत्र ठेवून पाहावीत. इ.स. ६ मध्ये रोमनांनी यहुदिया प्रांतात कर बसवण्यासाठी खानेसुमारी केली. त्या वेळी कर देणे म्हणजे गुलामी पत्करणे असे सांगत जो पुढारी उठला त्या यहूदाचे गाव जोसेफसने एके ठिकाणी गामला असे दिले आहे. दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते आणि मोठ्या ग्रंथांत तिला एखादी ओळ मिळते. हेरोद राजाने सुरू केलेले जेरुसलेमच्या मंदिराचे बांधकाम कित्येक दशके चालले होते. बंडाच्या थोडी वर्षे आधी ते पुरे झाले आणि अठरा हजारांहून अधिक कामकरी बेकार झाले. त्यांच्यापैकी कोणी दिवसात एक तास जरी काम केले तरी त्याची मजुरी लगेच हातावर पडत असे, असे जोसेफस नोंदवतो. लोकांनी राजा दुसरा अग्रिप्पा याच्याकडे मागणी केली की मंदिराच्या पूर्वेकडचे सज्जे नव्याने बांधायला काढा. तेवढे काम त्याने नाकारले. शहराचे रस्ते पांढऱ्या दगडाने फरसबंद करायला मात्र परवानगी दिली. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या आपल्या माणसांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. तिसरी गोष्ट ६६ सालची. बंडवाल्यांनी जेरुसलेमात शिरल्यावर जी ठिकाणे पेटवली त्यांत कर्जखतांचे दप्तर होते. आपल्या पुणे जिल्ह्यात १८७५ साली सुप्यापासून जो दंगा पसरला त्यातही सावकारांची खतेच जळाली होती. दोन्ही ठिकाणच्या कर्जदारांना एकमेकांची खबर असणे शक्य नव्हते. पण आपल्या गळ्यातला फास कोणत्या कागदाचा आहे हे दोघांनाही सारखेच ठाऊक होते.

गामला गाव राजा अग्रिप्पाच्या राज्यात येत असे, आणि अग्रिप्पा रोमनांचा मांडलिक. सुरुवातीला गाव राजाच्या बाजूला होते. मग ते उलटले. तरुणांना उठवणारा जोसेफ नावाचा एक मनुष्य होता. जोसेफसने आपल्या आत्मचरित्रात त्याचा उल्लेख सुईणीचा मुलगा असा केला आहे. हिणवण्यासाठी केला असावा. मला मात्र त्या एका शब्दामुळे तो मनुष्य दिसू लागला.

अग्रिप्पाने सात महिने वेढा दिला, काही साधले नाही. मग व्हेस्पाशियन तीन लीजन घेऊन आला. लीजन म्हणजे सुमारे पाच हजार पायदळाची रोमन पलटण. बरोबरची इतर फौज वेगळी. खिंडीच्या बाजूने भराव घालून, तीन ठिकाणी तटफोडीचे लोखंडी टोकाचे ओंडके लावून त्यांनी भिंत पाडली आणि रोमन आत शिरले. येथे जे घडले ते मोठे विलक्षण. गावकरी लढत लढत वर सरकले आणि मग उतारावरून एकदम खाली चालून आले. अरुंद बोळांत कोंडलेले रोमन घरांच्या छपरांवर चढले. इतक्या जणांच्या भाराने छपरे बसली, वरचे घर खालच्यावर कोसळले, आणि साम्राज्याचे निवडक सैनिक धोंड्यांखाली आणि धुळीत गुदमरून मेले. स्वतः व्हेस्पाशियन गावात अडकला होता. ढाली जोडून, पाठ न दाखवता, कसाबसा मागे हटला.

शेवट काही दिवसांनी झाला. पंधराव्या लीजनच्या तीन शिपायांनी पहाटेच्या अंधारात एका बुरुजाच्या पायथ्याचे पाच मोठे दगड गुपचूप सरकवून काढले. बुरूज कोसळला, गावात घबराट झाली. सुईणीचा मुलगा जोसेफ भिंतीच्या खिंडारातून जाताना मारला गेला. नंतर व्हेस्पाशियनचा मुलगा तीतुस दोनशे घोडेस्वार व काही पायदळ घेऊन आत शिरला. उरलेले लोक शिखराकडे गेले. त्या वेळी वादळ सुटले, त्याचा वारा गावकऱ्यांच्या तोंडावर आणि रोमनांच्या पाठीशी होता. जोसेफसच्या हिशेबाने रोमनांनी चार हजार मारले, आणि पाच हजारांनी बायकामुलांसह स्वतःहून दरीत उड्या टाकल्या. वाचल्या त्या दोन स्त्रिया. त्यांची नावे त्याने दिलेली नाहीत. राजाच्या फिलिप नावाच्या सरदाराच्या त्या भाच्या, एवढेच सांगितले आहे.

येथे पहिल्या साक्षीदाराची जबानी संपते.

जागेवर पहिली कुदळ पडली ती १९७६ साली. काम चालवणारा होता श्मर्या गुटमान. तो विद्यापीठातून पुढे आलेला प्राध्यापक नव्हता. नआन नावाच्या किब्बुत्झचा, म्हणजे सामुदायिक शेतवसाहतीचा, तो सभासद. डोंगर पालथे घालून, वाचून, मोजून पुरातत्त्व शिकला होता. मसादा किल्ल्याच्या प्राथमिक पाहण्यांत त्याने मोठे काम केले, आणि मग १९६३ ते १९६५ मध्ये यिगाएल यादीन या नामांकित पंडिताने तो किल्ला उकरला तेव्हा जगभर नाव झाले ते पंडिताचे. गामलाला हात घातला तेव्हा गुटमानचे वय सदुसष्ट होते. १९८९ पर्यंत चौदा हंगाम त्याने ते काम केले. स्वतः शिकलेल्या माणसाविषयी मला आपुलकी वाटते हे उघड आहे. म्हणून त्याची दुसरी नोंदही द्यायला हवी. १९४८ च्या युद्धात लोद हे अरब वस्तीचे शहर इस्रायली सैन्याने घेतले तेव्हा तेथला लष्करी गव्हर्नर हाच गुटमान होता, आणि त्या जुलैत हजारो रहिवाशांना ते शहर सोडून जावे लागले. उतारवयात ज्याने एका ओस गावाची माती चाळणीतून काढली त्याच्या तरुणपणी त्याच्या डोळ्यांदेखत एक शहर ओस झाले होते. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत.

उत्खनन कसे चालते हे थोडक्यात सांगतो. जमिनीचे चौकोन आखतात. प्रत्येक चौकोनातील माती थराथराने काढतात, चाळतात, आणि जी वस्तू मिळेल तिची जागा आणि खोली टिपून ठेवतात. वस्तूपेक्षा ही टिपणेच मोलाची. बाणाचे एक टोक संग्रहालयाच्या काचेत ठेवले तर ते लोखंडाचा गंजका तुकडा; पण सोळाशे टोके कोठे कोठे पडली होती हे नकाशावर मांडले की हल्ला कोणत्या बाजूने आला ते दिसू लागते. गामलात बाणांची सुमारे सोळाशे टोके मिळाली, आणि यंत्राने फेकलेले, काळ्या पाषाणाचे घडीव गोळे सुमारे दोन हजार. त्यांची दाटी पूर्वेच्या भिंतीपाशी आहे, जेथे खिंडार पडले तेथेच. रोमनांच्या वहाणांचे खिळे मिळाले. येथपर्यंत फितुराची साक्ष खरी ठरली.

पण भिंत पाहा. जोसेफस आपण बांधवलेल्या तटाचा मोठा तोरा मिरवतो. मातीतून जे निघाले तो सरळ, आखून बांधलेला तट नव्हता. गावाच्या पूर्व कडेची घरे होती तीच एकमेकांना जोडली होती. मधली बोळे दगडांनी भरून काढली होती. जेथे घराची भिंत पातळ होती तेथे आतली खोलीच धोंड्यांनी ठासून भरली होती. कोणी आपली झोपायची खोली दिली, कोणी कोठार दिले. सेनापतीने हुकूम दिला असेलही. पण दगड ज्यांनी वाहिले आणि घर ज्यांनी बुजवले त्यांच्याबद्दल पुस्तकात शब्द नाही. ती हकिकत भिंतीतच चिणलेली राहिली.

या भिंतीला लागूनच सिनेगॉग सापडले. (आपल्या कोकणातील बेने इस्रायल त्याला मशीद म्हणत.) चारी बाजूंनी दगडी पायऱ्यांची बैठक, मध्ये मोकळी जागा, खांबांच्या रांगा, आणि जवळच मिक्वे म्हणजे विधिपूर्वक स्नानाचे कुंड. जेरुसलेमचे मंदिर उभे असतानाच्या काळातील जी थोडी सिनेगॉग आजवर मिळाली आहेत त्यांत हे एक. अशी बैठक मी पाहिली की मला सभा दिसते. धर्मग्रंथाचे वाचन तेथे होतच असणार. पण लोक एकमेकांकडे तोंड करून बसतील अशी रचना आहे, आणि वेढ्याच्या महिन्यांत गावाने तेथे बसून काय काय ठरवले असेल याचा विचार मनात येतो. त्याच जागेत तात्पुरत्या चुली मिळाल्या, स्वयंपाकाची मडकी आणि साठवणीचे रांजण मिळाले. प्रार्थनेच्या जागी चुली कोण मांडील? आसपासच्या खेड्यांतून पळून आलेली, ज्यांना दुसरे छप्पर नाही अशी माणसे. गाव लहान आणि जोसेफसचे आकडे मोठे, याचा थोडा उलगडा त्या चुलींनी होतो.

आता मी या पंचनाम्यातील सर्वांत साध्या वस्तूकडे येतो, ती म्हणजे ताटवाट्या. अँड्रिया बर्लिन या विदुषीने गामलाच्या खापरांचा अभ्यास करून २००६ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तिला असे आढळले की इसवी सनापूर्वीच्या शेवटच्या शतकात गामलाच्या घरांत फिनिशियाच्या किनाऱ्याकडून येणारी, तांबड्या चकाकीची सुरेख परदेशी भांडी भरपूर होती. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या आरंभी ती एकदम दिसेनाशी होतात. त्यांच्या जागी येतात साधी, विनाचकाकीची, गालीलातल्या कुंभारांनी केलेली भांडी. परदेशी माल येणे बंद झाले होते म्हणावे, तर शेजारच्या ज्यूंखेरीज इतरांच्या गावांत तीच तांबडी भांडी पूर्वीप्रमाणे विकली जात होती. दिव्यांचेही तसेच. दिव्यांच्या मातीची रासायनिक तपासणी केली तेव्हा गामला आणि योदफात येथील कित्येक साधे दिवे जेरुसलेमच्या मातीचे निघाले. मडकी करणारा कुंभार गालीलात असताना पणतीसाठी कित्येक दिवसांच्या वाटेवरून मातीचा दिवा आणायचा, यात सोय नक्कीच नव्हती. मऊ चुनखडीच्या दगडाची भांडीही याच काळात घरोघर येतात. दगडाला विटाळ होत नाही असा त्यांचा धर्मनियम होता.

बर्लिनबाईंचे म्हणणे असे की हे सारे निव्वळ धार्मिक सोवळे नव्हे. रोमन चालीरीतींकडे फिरवलेली ती पाठ होती. काही विद्वानांना हा अर्थ मान्य नाही. ते गरिबीकडे किंवा सोवळ्याच्या नियमांकडे बोट दाखवतात. मी तज्ज्ञ नाही, तेव्हा निकाल देत नाही. पण ज्या देशात विलायती कापडाची होळी झाली आणि स्वदेशीचा जाडाभरडा कपडा अंगावर अभिमानाने मिरवला गेला त्या देशातल्या माणसाला हा अर्थ पटायला जड जाऊ नये. बाहेरच्या लोकांना वाटते की संप फाटकावर घोषणा सुरू झाल्या त्या दिवशी सुरू झाला. आम्हांला माहीत असते की त्याच्या दोन वर्षे आधी कामगारांनी साहेबाच्या दिवाळीच्या मिठाईचा पुडा तसाच परत ठेवायला सुरुवात केली होती. ६६ सालचे बंड जोसेफस पुढाऱ्यांच्या भांडणांतून आणि सुभेदारांच्या जुलुमांतून सांगतो. गामलाच्या फडताळांत मात्र ते निदान दोन पिढ्या आधी सुरू झालेले दिसते, आणि ते सुरू करणाऱ्या बहुधा बायका होत्या. बाजारातून कोणते ताट घरात आणायचे हे जगात सगळीकडे त्याच ठरवतात.

सगळेच घर सारखे नव्हते, हेही मातीने दाखवले. पश्चिमेच्या वस्तीत रंगीत गिलाव्याच्या भिंतींची, ऐसपैस घरे निघाली, तेलाचे मोठे घाणे निघाले. जैतुनाचे तेल हा गावाचा धंदा होता. एका घाण्याला लागून स्नानाचे कुंड आहे, म्हणजे काम करणारा शुद्ध होऊन तेलाला हात लावीत असे आणि असे तेल ज्यू गिऱ्हाइकांना विशेष चाले. येथे मला आपले अलिबाग-पेणकडचे शनिवार तेली आठवतात. बेने इस्रायल समाजाचा परंपरागत धंदा तेल गाळण्याचा, आणि शनिवारी शब्बाथचा दिवस म्हणून त्यांचा घाणा बंद. त्यावरून शेजाऱ्यांनी त्यांना हे नाव दिले. नौगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज कोकणात आले अशी त्यांची परंपरा आहे. गामलाशी त्यांचे नाते जोडणारा कोणताही पुरावा नाही आणि मी ते जोडत नाही. पण घाण्याशेजारी विश्रांतीचा दिवस पाळणारे तेली आपल्या शेजारी शतकानुशतके राहिले, म्हणून गामलाचा घाणा आपल्याला अगदी परका वाटू नये. पुढे यांतील पुष्कळ कुटुंबे इस्रायलला गेली, आणि जी गावे त्यांनी वसतीसाठी घेतली त्यांत लोदही आहे.

नाणी सहा हजारांहून अधिक मिळाली. बहुतेक जुन्या हास्मोनी राजांची, तांब्याची, हलक्या किमतीची. त्यांत ओबडधोबड घडणीची काही थोडी नाणी अशी आहेत की ती गामलातच, वेढ्याच्या काळात पाडली गेली असावीत. जेरुसलेममध्ये बंडवाल्यांनी चांदीचे नाणे काढले होते, त्यावर पेल्याचे चित्र होते. गामलाच्या कारागिराने ते पाहून तांब्याच्या चकतीवर तसाच पेला काढायचा प्रयत्न केला. अक्षरे जुन्या आणि नव्या लिपीची मिसळलेली. वाचनाबद्दल मतभेद आहेत, परंतु गुटमानने आणि पुष्कळांनी त्यांचा अर्थ पवित्र जेरुसलेमच्या मुक्तीसाठी असा लावला. वेढा पडलेल्या डोंगरावर या चकतीने काय विकत मिळणार होते? आमच्या संघटनेच्या पहिल्या पावत्या कोणीतरी रबरी ठशाने वाकड्यातिकड्या छापल्या होत्या, त्या मला येथे दिसतात. पैशापेक्षा नाव उमटणे महत्त्वाचे असते.

शेवटी त्या पाच हजारांचा प्रश्न. जोसेफसने चार हजार आणि पाच हजार हे आकडे शेजारी शेजारी ठेवले आहेत आणि त्यावरून तो असे सुचवतो की रोमनांच्या रागापेक्षा गावकऱ्यांचा स्वतःवरचा उन्मादच अधिक घातक ठरला. याच परिच्छेदात तो हेही सांगतो की रोमनांनी तान्ह्या मुलांनाही सोडले नाही, त्यांना उचलून कड्यावरून फेकले. म्हणजे दरीत पडलेल्यांत फेकलेले किती, ढकललेले किती, घाबरून पळताना घसरलेले किती, हे वेगळे कोणी मोजले? गुटमाननंतर गामलाचे काम पुढे नेणाऱ्या डॅनी सिऑन या संशोधकाने जागेचा विचार करून मत मांडले आहे. शिखरामागची उत्तर बाजू अतिशय उभी आहे. पाठीवर सैन्य आणि समोर ती घसरण अशा स्थितीत हजारो माणसे एकदम पळू लागली तर एकमेकांखाली चिरडून दरीत जाणारच. ती सामूहिक आत्महत्या नसून पळापळ असावी. मला हे पटते, आणि त्यामागे माझे म्हणून एक कारण आहे. एका कारखान्याच्या बंदीनंतर मी जी कागदपत्रे पाहिली त्यांत दोनशेहून अधिक नावांपुढे ‘स्वेच्छेने राजीनामा’ असा शेरा होता. त्यांच्यापैकी बहुतेकांना मी ओळखत होतो. स्वेच्छेने हा शब्द नेहमी कोण लिहितो, ते पाहावे.

शिवाय जोसेफसला हा प्रसंग सोयीचा होता. योदफातच्या गुहेत इतर मेले आणि तो जगला. नंतर मसादाच्या शेवटी त्याने सामूहिक मरणाची मोठी कथा रंगवली. मरण पत्करणारे उन्मादी आणि शरण जाणारा शहाणा, अशी मांडणी त्याच्या सबंध आयुष्याला आधार देणारी होती. नव्या काळातील लोकांनाही ती वेगळ्या अंगाने सोयीची वाटली. गामलाला उत्तरेचा मसादा म्हटले गेले, आणि गोलान सीरियाला परत देण्याच्या वाटाघाटींना विरोध करताना १९९० नंतरच्या दशकात ‘गामला पुन्हा पडणार नाही’ ही घोषणा देण्यात आली. सुईणीच्या मुलाचे गाव अशा रीतीने दोन हजार वर्षांनी दुसऱ्याच एका वादात साक्षीला उभे केले गेले.

योदफातचे उत्खनन १९९२ ते २००० मध्ये झाले. तेथे पाण्याच्या टाक्यांत आणि गुहांत माणसांच्या हाडांचे ढीग मिळाले. वेढ्यानंतर केव्हातरी कोणी परत येऊन ती गोळा करून ठेवली असावीत. गामलात चौदा हंगामांत माणसाच्या जबड्याचे एक हाड मिळाले. बाकी काही नाही. एवढ्या प्रेतांचे काय झाले? कोणी नातलग, कोणी शेजारच्या गावचे लोक नंतर आले आणि त्यांनी मृतांना कोठेतरी पुरले, असा तर्क आहे. ती जागा अद्याप मिळालेली नाही. गामलाचा फार थोडा भागच उकरला गेला आहे; उरलेला उतार काळ्या धोंड्यांनी आणि गवताने झाकलेला आहे.